जोडीदाराचे लपविलेले कर्ज : कौटुंबिक पेच, कायदेशीर दायित्व आणि सावरण्याची दिशा

प्रस्तावना :

घरातील पैशाचा हिशेब पती-पत्नींमध्ये मोकळेपणाने बोलला जातोच असे नाही. पगाराचा खरा आकडा पत्नीला सांगायचा नाही, ही अनेक घरांत पिढ्यानपिढ्या चालत आलेली रीत आहे. आणि डाळीच्या डब्यात साठविलेल्या पैशांची वाच्यता पतीजवळ करायची नाही, ही रीतही तितकीच जुनी आहे. या दुसऱ्या लपवाछपवीकडे तर समाज कौतुकानेच पाहतो, कारण अडीनडीला तोच पैसा बाहेर येतो. पेच निर्माण होतो तो लपविलेली शिल्लक नसून लपविलेले कर्ज उघडकीस येते तेव्हा.

अशा वेळी कुटुंबासमोर दोन प्रश्न एकदम उभे राहतात. फसवणुकीचे दुःख कसे पेलायचे, हा एक. आणि हे पैसे कोणी फेडायचे, हा दुसरा. व्यवहारात हे दोन्ही प्रश्न एकमेकांत मिसळले जातात व त्यातूनच पुढील नुकसान होते. अब्रू वाचविण्याच्या घाईत जे कर्ज पत्नीचे नाही ते तिच्या दागिन्यांतून फेडले जाते, आणि ज्या कागदावर तिची सही आहे त्याकडे मात्र दुर्लक्ष होते. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील नोकरदार व लहान व्यावसायिक कुटुंबे डोळ्यांसमोर ठेवून या प्रश्नाचा विचार केला आहे. विवेचन प्रामुख्याने पतीने लपविलेल्या कर्जाविषयी असले, तरी कराराचे नियम पतीला व पत्नीला सारखेच लागू होतात. भिशीत किंवा बचत गटाच्या कर्जात अडकलेल्या पत्नीने ही बाब लपविल्याची उदाहरणेही समाजात आढळतात.

कर्ज लपते कसे?

एके काळी कर्ज लपविणे अवघड होते. उधारी वाण्याच्या वहीत असे, सावकार गावातलाच असे आणि पतसंस्थेचा जामीनदार शेजारच्या आळीत राहत असे. हप्ता थकला की बातमी घरी पोहोचे. आता त्याच खोलीत शेजारी बसलेल्या माणसाला काही मिनिटांत मोबाईलवरून कर्ज घेता येते. क्रेडिट कार्डाचे विवरणपत्र टपालाने न येता ई-मेलने येते. वस्तूची किंमत हप्त्यांत विभागली की खर्च लहान वाटू लागतो, आणि असे पाच-सहा लहान हप्ते मिळून पगाराचा मोठा हिस्सा केव्हा गिळतात हे खर्च करणाऱ्याच्याही ध्यानात येत नाही. त्यानंतर एका कार्डाची रक्कम दुसऱ्या कर्जातून भरण्याचा क्रम सुरू होतो. या टप्प्यावर आलेली व्यक्ती बहुधा खोटे बोलू लागलेली असते.

लपविलेल्या कर्जाच्या खुणा मात्र राहतात. बँकेच्या पासबुकात दरमहा त्याच तारखेला होणारी अनोळखी वजावट, पगारपत्रकातील पतसंस्थेची वाढलेली कपात, सातबारा उताऱ्याच्या इतर अधिकारात दिसणारा बोजा, लॉकरची किल्ली जागेवर नसणे, ओळखीच्या माणसाने अकारण टाळाटाळ करणे या त्यांपैकी काही होत. भारतात चार पतमाहिती कंपन्या कार्यरत आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशानुसार २०१७ पासून या प्रत्येक कंपनीने व्यक्तीला वर्षातून एकदा तिचा संपूर्ण पतअहवाल विनामूल्य द्यावयाचा आहे. पत्नीला पतीचा अहवाल त्याच्या संमतीशिवाय मिळत नाही. परंतु स्वतःचा अहवाल तिने अवश्य पाहावा. आपण कोणत्या कर्जात सहकर्जदार वा जामीनदार आहोत हे अनेक स्त्रियांना तो वाचल्यावरच प्रथम कळते. खाजगी सावकार, नातेवाईक, मित्र व भिशी यांचे देणे मात्र अशा अहवालात येत नाही. त्यामुळे अहवालातील बेरीज म्हणजे संपूर्ण कर्ज, असे मानणे धोक्याचे ठरते.

ऋण कोणाचे? जुना नियम आणि आजचा कायदा :

नवऱ्याचे कर्ज ते बायकोचे कर्ज, अशी एक सर्वसाधारण समजूत आहे. वसुलीला येणारे लोक या समजुतीचा पुरेपूर उपयोग करून घेतात. वास्तविक हा नियम ना आजच्या कायद्यात आहे, ना परंपरेत. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात स्त्रीने कोणते ऋण फेडावे याचा स्पष्ट निर्देश आहे. तिने स्वतः मान्य केलेले, पतीसह मिळून काढलेले आणि स्वतः काढलेले, एवढ्या तीनच प्रकारच्या ऋणांची ती देणेकरी आहे. त्याखेरीज अन्य ऋण तिने देण्याचे कारण नाही. ज्या स्मृतीवरील मिताक्षरा टीका महाराष्ट्रात शतकानुशतके प्रमाण मानली गेली, तिचाच हा नियम आहे. गमतीचा भाग असा की त्याच प्रकरणात गोपाळ, मद्यविक्रेता, नट, धोबी व व्याध यांच्या पत्नींनी काढलेले ऋण मात्र पतीने फेडावे असे सांगितले आहे, कारण त्यांची उपजीविका पत्नीवर अवलंबून असते. म्हणजे स्मृतिकाराने नात्याइतकेच पैसा कोणाच्या श्रमातून येतो याकडेही पाहिले होते. जुगारासाठी व मद्यासाठी केलेले पित्याचे ऋण पुत्रावरही बंधनकारक नव्हते.

आजचा कायदा वेगळ्या मार्गाने जवळपास त्याच तीन प्रकारांशी येऊन थांबतो. भारतीय करार अधिनियम, १८७२ नुसार करार ज्याने केला तोच त्याने बांधला जातो. केवळ विवाहसंबंधामुळे पत्नी पतीच्या कर्जाची देणेकरी ठरत नाही. ती सहकर्जदार असेल, जामीनदार असेल किंवा कर्ज तिच्याच नावावर असेल, तरच धनको तिच्याकडे वैयक्तिक मागणी करू शकतो. हिंदू उत्तराधिकार अधिनियमात २००५ साली झालेल्या दुरुस्तीने पित्याचे ऋण केवळ धार्मिक कर्तव्य म्हणून पुत्राकडून वसूल करण्याचा मार्गही, त्या दुरुस्तीनंतरच्या कर्जांपुरता, बंद केला आहे. गोव्यातील वाचकांनी मात्र येथे सावध राहावे. तेथील नागरी कायद्यात विवाहपूर्व करार नसल्यास पती-पत्नींची मालमत्ता सामाईक मानली जाते, त्यामुळे दायित्वाचे गणित तेथे निराळे होते.

खरा धोका आहे तो जामिनात. घरच्या घरी, स्वयंपाक करता करता, ‘येथे सही कर’ एवढ्यावर झालेली सही पुढे अत्यंत महाग पडते. करार अधिनियमाच्या कलम १२८ नुसार जामीनदाराचे दायित्व मूळ ऋणकोच्या दायित्वाइतकेच विस्तृत असते. धनकोने आधी ऋणकोकडून वसुलीचा प्रयत्न करावा व तो फसल्यावरच जामीनदाराकडे यावे, असे बंधन सामान्यतः नसते. सहकारी पतसंस्थेच्या बाबतीत महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळाला की जामीनदाराच्या मालमत्तेवरही जप्तीची कारवाई होऊ शकते. पगारदारांच्या संस्थेत तर कपात थेट वेतनातून होते. ‘पतीने फसवून सही घेतली’ हा बचाव ऐकायला न्याय्य वाटतो, परंतु कलम १४२ नुसार जामीन अवैध ठरण्यासाठी ती दिशाभूल धनकोने स्वतः केलेली किंवा त्याच्या माहितीने व संमतीने झालेली असावी लागते. बँकेला अंधारात ठेवून पतीने पत्नीला खोटे सांगितले असेल, तर तेवढ्याने जामीन सुटत नाही. सहीच बनावट असेल तर गोष्ट वेगळी. तेथे विलंब न लावता बँकेला लेखी कळविणे व पोलिसांकडे तक्रार देणे आवश्यक ठरते.

दुकानाच्या कॅश क्रेडिट खात्यासारखा चालू स्वरूपाचा जामीन असेल, तर कलम १३० खाली धनकोला सूचना देऊन भावी व्यवहारांपुरता तो मागे घेता येतो. आधीच उचललेल्या रकमेची जबाबदारी त्याने संपत नाही, पण पुढची वाढ थांबू शकते. ही तरतूद फार थोड्या जामीनदारांना ठाऊक असते.

संयुक्त खात्याबाबतही एक दिलासा नोंदविण्याजोगा आहे. पती-पत्नींच्या संयुक्त खात्यावरील, पण केवळ पतीच्या सहीचा धनादेश न वटल्यास पत्नीवर परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली खटला चालत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये मुंबईतील एका प्रकरणात दिला. कोऱ्या धनादेशावर सह्या करून ठेवण्याची सवय मात्र हे संरक्षण घालवून बसते.

स्त्रीधन : सर्वांत आधी मोडली जाणारी वस्तू

कर्ज उघडकीस आल्यावर बहुतेक घरांत वडीलधाऱ्यांची बैठक होते. रक्कम मोजली जाते, पतीला चार शब्द सुनावले जातात आणि मग सर्वांची नजर सुनेच्या दागिन्यांकडे वळते. ‘सोने असते कशासाठी?’ हा प्रश्न अशा वेळी निर्णय म्हणूनच विचारला जातो. दागिने नाहीत तर माहेरहून मदत आणावी, हा त्यापुढचा टप्पा.

या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने २४ एप्रिल २०२४ रोजी केरळमधील एका प्रकरणात दिलेला निकाल मननीय आहे. २००३ मध्ये विवाह झालेल्या या स्त्रीला माहेरहून ८९ पवन, म्हणजे सुमारे ७१२ ग्रॅम सोने मिळाले होते. विवाहानंतर लगेचच पतीने ते सुरक्षिततेच्या नावाखाली आपल्या आईकडे सोपविले आणि पुढे ते पती व सासू यांची आधीची देणी फेडण्यात खर्ची पडले, अशी तिची तक्रार होती. कुटुंब न्यायालयाने २०११ मध्ये तिच्या बाजूने निर्णय दिला, उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तो फिरविला आणि अखेर सर्वोच्च न्यायालयाने पतीने तिला २५ लाख रुपये द्यावेत असा आदेश दिला. स्त्रीधन ही पती-पत्नींची सामाईक मालमत्ता नाही. संकटकाळी पतीने ते वापरले तरी परत करण्याची नैतिक जबाबदारी त्याच्यावर राहते, हे तत्त्व या निकालाने पुन्हा अधोरेखित केले. स्त्रीधन पत्नीच्या संपूर्ण मालकीचे असल्याचे याच न्यायालयाने १९८५ मध्येही सांगितले होते. तत्त्व इतके जुने असूनही एका स्त्रीला ते सिद्ध करण्यासाठी अनेक वर्षे जावी लागली, यावरून पुराव्याचे महत्त्व कळून येते. दागिन्यांच्या पावत्या, लग्नातील छायाचित्रे, लॉकरचा करार आणि तारखेसह केलेली साधी यादी हे कागद संसार सुरळीत असतानाच जपून ठेवणे इष्ट असते.

पत्नीने स्वखुशीने दागिने देऊ नयेत असा याचा अर्थ नाही. राहते घर वाचत असेल तर ते देणे शहाणपणाचेही ठरू शकते. मात्र कर्जाचा पूर्ण आकडा हाती येण्यापूर्वी, केवळ दारात आलेल्या पहिल्या मागणीला भिऊन दिलेले सोने बहुधा वाया जाते. कारण सर्वांत मोठ्याने ओरडणारा धनको हा सर्वांत निकडीचा धनको असतोच असे नाही.

वसुलीचा तगादा आणि कागदांची जुळवाजुळव :

पहिल्या काही आठवड्यांत फेडीपेक्षा माहिती गोळा करणे अधिक मोलाचे असते. प्रत्येक देण्यासमोर मुद्दल, व्याजदर, थकबाकी, तारण आणि सही कोणाची, एवढ्या पाच बाबी लिहून काढल्या तरी चित्र पुष्कळ स्पष्ट होते. तारण असलेले गृहकर्ज थकल्यास २००२ च्या सरफेसी कायद्याखाली बँक ६० दिवसांची नोटीस देऊन घराचा ताबा घेण्याच्या कारवाईकडे जाऊ शकते. म्हणून उपलब्ध पैशात घराचा हप्ता पहिला येतो. विनातारण क्रेडिट कार्डाचे व्याज जबर असले तरी त्यासाठी कोणी थेट घराला कुलूप लावू शकत नाही. तेथे बँकेशी लेखी तडजोड शक्य असते. तडजोड झाल्यास रक्कम भरण्यापूर्वी पत्र आणि भरल्यानंतर येणे बाकी नसल्याचा दाखला घ्यावा.

वसुली प्रतिनिधींच्या वर्तनाविषयी रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये स्पष्ट बंधने घातली. सकाळी ८ पूर्वी व सायंकाळी ७ नंतर थकबाकीसाठी दूरध्वनी करू नये, आणि ऋणकोच्या कुटुंबीयांना वा मित्रांना धमकावू नये किंवा त्यांची मानहानी करू नये, असे त्यात म्हटले आहे. डिजिटल कर्जाच्या ॲपने मोबाईलमधील संपर्कयादी व छायाचित्रे यांना हात लावू नये, हेही त्याच वर्षीच्या मार्गदर्शक सूचनांत आले. या सूचना नियंत्रित संस्थांना लागू आहेत. बेकायदा ॲपबाबत सायबर गुन्ह्यांसाठीच्या १९३० या क्रमांकावर तक्रार करण्याचा मार्ग उरतो.

खाजगी सावकाराचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे, कारण तेथे भीती कागदापेक्षा मोठी असते. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा आहे आणि विनापरवाना सावकाराच्या दाव्यात न्यायालय त्याच्या बाजूने हुकूमनामा देऊ शकत नाही. तालुक्यातील सहकार खात्याच्या सहायक निबंधकाकडे याची तक्रार करता येते. सावकारीच्या व्यवहारात लिहून घेतलेली जमीन वा घर परत मिळवून देण्याची तरतूदही या कायद्यात आहे.

दिवाणी जप्तीची भीतीही अनेकदा वाजवीपेक्षा जास्त बाळगली जाते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार ऋणको, त्याची पत्नी व मुले यांचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि धार्मिक रूढीनुसार स्त्रीला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने जप्त होत नाहीत. म्हणजे ‘मंगळसूत्रसुद्धा उतरवून नेऊ’ या धमकीला कायद्याचा आधार नाही.

उलट दिशेने एक इशाराही आवश्यक आहे. कर्ज झाल्यावर घाईघाईने घर पत्नीच्या नावे बक्षीसपत्राने करून देण्याचा सल्ला मित्रमंडळी हमखास देतात. धनकोंना चुकविण्याच्या हेतूने केलेले असे हस्तांतर मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५३ खाली धनकोच्या मागणीवरून रद्द होऊ शकते.

उधळेपणा, जुगार आणि उपचार :

सर्व लपविलेली कर्जे एका जातीची नसतात. धंद्यात आलेली खोट सांगण्याची लाज वाटून लपविलेले कर्ज आणि मटका, ऑनलाईन पत्ते वा शेअर बाजारातील सट्टा यांपायी झालेले कर्ज, यांत फरक केलाच पाहिजे. पहिल्या प्रकारात आकडा एकदा उघड झाला की माणूस बहुधा मोकळा होतो. दुसऱ्या प्रकारात उघड झालेला आकडा क्वचितच शेवटचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात जुगाराचा विकार व्यसनवर्तनांत समाविष्ट आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाईन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. तथापि कायद्याने ॲप बंद झाले म्हणून ओढ नाहीशी होत नाही.

व्यसनी माणसाचे कर्ज घरच्यांनी गुपचूप फेडले की त्याच्या दृष्टीने पत पुन्हा मोकळी होते. म्हणूनच या क्षेत्रात काम करणारे समुपदेशक सरसकट फेडीला विरोध करतात. पुण्यात १९८६ मध्ये सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने व्यसनी व्यक्तीच्या बरोबरीने तिच्या पत्नीलाही मदतीची गरज असते हे ओळखून ‘सहचरी’ हा स्त्रियांचा गट चालविला. हा अनुभव प्रामुख्याने दारू व अमली पदार्थांच्या व्यसनातून आलेला असला, तरी पत्नीने सर्व झाकून नेण्याचा, स्वतःलाच दोष देण्याचा आणि दरवेळी ‘हे शेवटचे’ म्हणून पैसे उभे करण्याचा क्रम जुगाराच्या बाबतीतही तोच असतो. केंद्र शासनाची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही उपलब्ध आहे. कर्जबाजारी व्यक्ती जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा बोलत असेल, तर हिशेब बाजूला ठेवून हा दूरध्वनी प्रथम करावा.

सुधारणेच्या काळात पगार कोणत्या खात्यात यावा, कार्डे कोणाकडे असावीत, दर आठवड्याला हातखर्च किती, हे पती-पत्नींनी लेखी ठरविणे उपयुक्त ठरते. पत्नीने घरातील पोलीस व्हावे असा याचा अर्थ होता कामा नये. दर महिन्याला ठरलेल्या दिवशी दोघांनी एकत्र बसून पासबुके पाहणे, हे रोजच्या चौकशीपेक्षा नात्याला कमी जाचक असते.

न्यायालयीन संरक्षण :

समजुतीने प्रश्न सुटत नसेल, तर कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ चा आधार घेता येतो. या कायद्यात आर्थिक छळाची व्याख्या व्यापक आहे. घरातील चीजवस्तू, गुंतवणुका व स्त्रीधन यांची विल्हेवाट लावणे तीत येते. दंडाधिकारी स्त्रीधन, संयुक्त खाती व लॉकर यांच्या व्यवहारांना मनाई करू शकतात, तसेच राहते घर विकण्यास वा गहाण टाकण्यास प्रतिबंध करू शकतात. पोटगीच्या प्रकरणांत दोन्ही पक्षांनी मालमत्ता व देणी यांचे प्रतिज्ञापत्र दाखल करावे, असा दंडक सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये घालून दिला. त्यामुळे घरात न मिळालेला हिशेब काही वेळा न्यायालयात प्रथमच शपथेवर समोर येतो. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ खाली स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेविषयक साहाय्य मिळते व त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो.

पतीच्या निधनानंतर उघड होणारे कर्ज :

सर्वांत कठीण प्रसंग हा असतो. शेतकरी आत्महत्यांच्या संदर्भात महाराष्ट्राने तो वारंवार पाहिला आहे. पती गेल्यावर दहाव्या-तेराव्याला सावकार दारात येतो आणि पत्नीला आकडा तेव्हाच कळतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५० नुसार वारसाची जबाबदारी मृताकडून हाती आलेल्या मालमत्तेच्या मर्यादेपर्यंतच असते. पत्नीची स्वतःची मिळकत, तिचा पगार व स्त्रीधन त्यात येत नाही. विवाहित स्त्रियांचा संपत्तीविषयक अधिनियम, १८७४ च्या कलम ६ खाली पतीने पत्नी व मुलांच्या लाभासाठी म्हणून काढलेली विमा पॉलिसी तर पतीच्या धनकोंना सामान्यतः मिळूच शकत नाही. मात्र ही योजना पॉलिसी घेतानाच निवडावी लागते. साध्या वारस-नोंदणीने ते संरक्षण मिळत नाही.

याच दिवसांत दुःखात असलेल्या पत्नीपुढे एक नवा कागद ठेवला जातो. ‘जुना हिशेब मिटवून टाकू, फक्त तुमच्या नावाची चिठ्ठी द्या’ असे गोड शब्दांत सांगितले जाते. आजवर जे ऋण पतीचे होते व फार तर त्याच्या मागे राहिलेल्या मालमत्तेपुरते मर्यादित होते, ते त्या एका सहीने याज्ञवल्क्याच्या तिसऱ्या प्रकारात, म्हणजे तिने स्वतः काढलेल्या ऋणात, जाऊन बसण्याचा धोका असतो. मुदतबाह्य झालेले कर्जही लेखी वचनाने पुन्हा जिवंत होऊ शकते, हे करार अधिनियमाच्या कलम २५ वरून दिसते. अशा वेळी कागद ठेवून घ्यावा, त्याची एक प्रत वकिलाला वा विधी सेवा समितीला दाखवावी, आणि तोपर्यंत सही करू नये.